रीत निवडण्याआधी संख्या पाहणे
एकाच वजाबाकीच्या अनेक रीती दाखवल्या की मुले गोंधळतात, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. प्रत्येक रीत वेगळी पाठ करायला लावली, तर गोंधळ होणारच. पण मी शिकवत असलेल्या एका मुलीने ५०३ − ४९७ हे उदाहरण उभे मांडले आणि प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून १९४ असे उत्तर लिहिले, तेव्हा तिला त्यात काहीच खटकले नाही. ४९७ पासून ५०३ किती दूर, असे विचारताच ती ५०० वर क्षणभर थांबली, ‘तीन आणि तीन, सहा’ म्हणाली आणि वहीतले १९४ तिने स्वतःच खोडले. ५०३ − १२ साठी मात्र तिने आधी १० आणि मग २ काढले, कारण तेथे १२ पासून पुढे मोजत जाणे फार लांबचे पडले असते.