मदत हवी आहे: एका खोलीत आठ जण, साथीत काम सुरक्षित कसं ठेवू?
नमस्कार मंडळी. माझं शिलाईचं छोटं युनिट आहे. एका खोलीत आठ जण, खिडकी एकच, तीही मशीनच्या मागे. कोविडच्या साथीत काम बंद ठेवणं परवडत नाही, पण कुणाच्या जिवावर ते चालवायचंही नाही.

सुरुवातीला आम्ही टेबलं, कात्र्या, दाराच्या कड्या पुसत बसायचो. कोविड मुख्यतः श्वासावाटे, हवेतून पसरतो हे कळल्यावर, खोलीत सगळ्यांच्या श्वासाची हवा किती साचते ते कळावं म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आणलं. बाहेर आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास, खोलीत जेवणाच्या सुट्टीआधी १,६००! तो ८००च्या खाली असावा म्हणतात. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावला तर दारातून ताजी हवा पुरेशी येईल का? की हेपा फिल्टरही (हवेतले अगदी बारीक कण अडकवणारी गाळणी) घ्यावा? फिल्टरने हा आकडा उतरत नाही, विषाणू मात्र अडकतात, एवढं माहीत आहे.

एन-९५ मास्क सगळ्यांना दिलेत. पण इस्त्रीवाल्या ताई वाफेत घामाघूम होऊन तासाभरात मास्क हनुवटीवर ओढतात. त्यांना रागवू तरी कशी? त्यांची शिफ्ट वेगळी लावू का?

आणि सगळ्यात अवघड म्हणजे, पगार कापला जाईल म्हणून माणसं ताप लपवतात. कुणी भरपगारी सुट्टी दिली असेल तर हिशेब कसा बसवलात, प्लीज सविस्तर सांगा.