दोन हजारांचा हप्ता शेतकऱ्याच्या घरात नेमके काय करतो?

मूळ मांडणी (माण, जि. सातारा)

पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला 6,000 आणि 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6,000, असे 12,000 रुपये, दर चार महिन्यांनी प्रत्येकी दोन हजारांच्या हप्त्यांनी, माझ्या वडिलांच्या खात्यावर जमा होतात. महिन्याला हजार. एवढ्याने शेतकऱ्याचे काय भागणार, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर आहे, की कोरडवाहू घरात रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या वेळी हाती पडते याला अधिक महत्त्व असते.

आमची साडेतीन एकर जमीन पावसावर आहे. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे घरात पैसा नसतो नेमक्या त्याच वेळी येते. पूर्वी वडील बी आणि खत तालुक्याच्या गावातून उधारीवर आणत. दुकानदार देईल ते वाण घ्यायचे, तो लावील तो भाव मान्य करायचा आणि सुगी झाली की ज्वारीही त्याच्याच काट्यावर नेऊन घालायची, असा शिरस्ता होता. आता ऑगस्ट ते नोव्हेंबरमधील दोन्ही योजनांचे हप्ते पेरणीआधी आले, तर चार हजार रुपये हाताशी असतात. डीएपीची गोणी 1,350 रुपयांना आणि युरियाची 266 रुपये 50 पैशांना मिळते. दोन्हींच्या दोन-दोन गोण्या घेऊनही बियाण्यासाठी साडेसातशे रुपये उरतात. ज्वारी कोणाला विकायची हे वडील आता स्वतः ठरवतात, हा बदल मला फार मोठा वाटतो. हप्ता नोव्हेंबरअखेर आला तर मात्र तोच पैसा किराणा आणि दवाखान्यात जातो, आणि खताची उधारी तशीच राहते.

प्रतिसाद (तासगाव, जि. सांगली)

आपला अनुभव मी नाकारत नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आमची द्राक्षबाग आहे. औषधांच्या फवारणीवर लाखभर रुपये सहज जातात, आणि कीटकनाशकांवर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे लाखाच्या औषधावर 18,000 रुपये कर आम्ही भरतो आणि 12,000 रुपये सन्मान म्हणून परत घेतो. यास मदत म्हणणे मला जड जाते.

दुसरे असे, की आमच्याच तालुक्यातील विसापूर येथे 1969 मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला, 1972 मध्ये तो राज्याची योजना झाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. त्या योजनेतून मजुरी तर मिळालीच, शिवाय बांध, पाझर तलाव आणि विहिरी मागे राहिल्या. 1990 नंतर याच योजनेतून फळबागांना अनुदान मिळाले आणि आटपाडीच्या माळावर डाळिंब उभे राहिले. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने दुष्काळी गावांत जे झाले, ते हप्त्याने शंभर वर्षांत होणार नाही. हप्ता चार महिन्यांत संपतो, आणि शेतकरी पाण्यासाठी आणि भावासाठी भांडायचे सोडून खात्यावर संदेश आला का हे पाहत बसतो. मला खरी भीती या सवयीची वाटते.

प्रतिसाद (जत, जि. सांगली)

आपण दोघेही ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांच्याविषयी बोलत आहात. मी चार एकर अर्धेलीने करतो. मालक मुंबईला असतात. नांगरट, पेरणी, राखण माझी, पीक निम्मे-निम्मे, हप्ता मात्र पूर्ण त्यांचा. यात त्यांनी काही लबाडी केलेली नाही, कारण योजनाच जमिनीच्या मालकाला पैसे देते, कसणाऱ्याला नाही.

लेखी करार करा, असे सल्ले पुष्कळ मिळतात. पण कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 रोजी कुळे मालक झाली, ती आठवण अजून प्रत्येक जमीनमालकाच्या घरात ताजी आहे. कागद मागितला तर पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याकडे जाईल. ओडिशाने शेतकऱ्यांना रोख मदत देणाऱ्या आपल्या कालिया योजनेत वाटेकऱ्यांना आणि भूमिहीनांना धरले होते. मग आपल्याकडे ते का होऊ नये, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

प्रतिसाद (खटाव, जि. सातारा)

घर म्हणजे एकच माणूस नव्हे, एवढे मला सांगायचे आहे. सासऱ्यांच्या खात्यावर येणारा हप्ता आमच्या घरात कधी आला आणि कधी गेला, हे मला ठाऊक नसे. ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे माझ्या खात्यावर आले, तेव्हा मी त्यातून पहिल्यांदा स्वतः ठरवून एक शेळी घेतली. आज तिची तीन करडे आहेत.

परंतु या योजनांच्या नियमांची सांगड कशी घातली आहे ते पाहा. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्याला दोन्ही शेतकरी योजनांचे मिळून महिन्याला हजार आणि बायकोला लाडकी बहीणचे दीड हजार मिळतात. तीच जमीन फक्त बायकोच्या नावावर असेल, तर शेतकरी म्हणून हजार मिळत असल्यामुळे तिला बहीण म्हणून पाचशेच मिळतात, म्हणजे घरात महिन्याला हजार रुपये कमी येतात. ज्या राज्यात शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवून बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या, त्याच राज्यात असे करणाऱ्या घराचे नुकसान व्हावे, हे मला फार लागते.

मूळ लेखकाचे उत्तर (माण)

तासगावच्या मित्रांना सांगतो, की कालव्याचे पाणी ज्या शिवारात पोहोचले तेथे आपला युक्तिवाद बिनतोड आहे. आमचे शिवार उंचावर आहे. पाणी येईपर्यंत दरवर्षी पेरणी तर करावीच लागते, आणि तोवर उधारी हाच दुसरा मार्ग असतो. सवयीची भीतीही मला खरी वाटत नाही. मध्य प्रदेशात स्वयंरोजगारी महिलांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने 2011 पासून काही गावांत प्रत्येकाला दरमहा रोख रक्कम देऊन पाहिली, तेव्हा लोकांनी ती बी-बियाणे, जनावरे आणि मुलांच्या शिक्षणावर खर्च केली. जीएसटीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. त्याचे उत्तर हप्ता बंद करणे हे नसून कर उतरवणे हे आहे.

जतच्या मित्रांचे म्हणणे वाचून मी अस्वस्थ झालो, कारण पुण्यात राहणाऱ्या भावकीचे आमच्या शेजारचे दोन एकर आम्हीही वाट्यानेच करतो आणि त्यांचा हप्ता त्यांच्याकडेच जातो, याचा मी आजवर विचारही केला नव्हता. यंदा पेरणीपूर्वी त्यांना फोन करून खताचा निम्मा खर्च त्यांनी उचलावा, असे सांगणार आहे. ते नाही म्हणाले तरी जमीन सोडणे आम्हाला परवडणारे नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.