मिनी ट्रॅक्टरचा वॉरंटी क्लेम नाकारला, काय करावं? सल्ला हवाय

मावळातला_भातवाला
नमस्कार मंडळी. मावळात भातशेती आहे, इंद्रायणी लावतो. खाचरं लहान, मोठा ट्रॅक्टर वळतच नाही म्हणून गेल्या वर्षी बँकेचं कर्ज काढून फोर व्हील ड्राइव्हचा मिनी ट्रॅक्टर घेतला. यंदा ऐन चिखलणीत (लावणीआधी पाणी भरून खाचरात चिखल करतात तेव्हा) पुढच्या एक्सलमधून करकर आवाज यायला लागला, वळताना हिसके. शोरूमला नेला, त्यांनी एक्सलचा ड्रेन बोल्ट खोलला तर ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं आणि बोटावर घेतलं तर त्यात चकचकीत बारीक कीस. क्राऊन पिनियन (एक्सलमधले दातेरी गिअर) आणि बेअरिंग गेलं म्हणाले. आधी सांगितलं वॉरंटीत होऊन जाईल, मग दोन-चार दिवसांनी फोन की कंपनीने क्लेम रिजेक्ट केलाय, सील फाटून पाणी गेलं, सील रबर पार्ट आहे तो वॉरंटीत बसत नाही आणि बाकीचं नुकसान त्यामुळेच झालंय. अहो पण विकताना याच लोकांनी मोबाईलवर चिखलणीचा व्हिडिओ दाखवून गाडी गळ्यात मारली ना! सगळ्या सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच केल्यात. लावणी तोंडावर आलीय आणि ट्रॅक्टर त्यांच्या शेडमध्ये खोलून पडलाय. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

गॅरेज_इगतपुरी
दादा सगळ्यात आधी जुने पार्ट हलू देऊ नका. सील, बेअरिंग, पिनियन सगळं तुमच्या डोळ्यासमोर पिशवीत घालून ठेवा, ते ऑइल पण स्वच्छ बाटलीत भरा, बाटली, अवर मीटर आणि चेसिस नंबर एकत्र येतील असा फोटो काढा. आता सील नीट बघा, सगळी मेख तिथंच आहे. सीलच्या बाहेर तार नाहीतर पेंढा गुंडाळलेला असेल, सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी कड) कापल्यासारखा तुटला असेल तर कंपनी म्हणणार वापरातला दोष, आणि त्यात थोडं तथ्य असतं. पण ओठ आतल्या बाजूला दुमडलेला दिसला तर ते फिटिंगचं काम, त्याला चिखल जबाबदार नाही. एक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर-आत जायची वाट) पण चेक करा, तो बंद असला तर गरम झालेला एक्सल थंड पाण्यात गेल्यावर आत व्हॅक्यूम होतो आणि चांगल्या सीलमधून सुद्धा पाणी ओढलं जातं. आमच्याकडे भाताच्या सीझनला दरवर्षी असे एक्सल येतात, त्यामुळे सील रबराचं आहे एवढंच कारण मला पटत नाही.

आणि जॉब कार्ड (सर्व्हिसिंगला काय काय केलं तो शोरूमचा कागद) काढा. मागच्या सर्व्हिसिंगला पुढच्या एक्सलचं ऑइल चेक केलं असं टिक असेल तर त्यांना विचारा, तेव्हा पांढरं दिसलं होतं का? दिसलं असेल तर सांगितलं का नाही, आणि खोललंच नसेल तर टिक कशी केली.

ग्राहकाची_बाजू
फोनवरच्या नकाराला काही किंमत नाही, तो लेखी घ्या. डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला, दोघांनाही मेल करा, त्यात तारीखवार काय झालं ते लिहा आणि विचारा की वॉरंटी बुकातल्या कुठल्या कलमाखाली क्लेम नाकारला. सील वॉरंटीत नाही आणि सील गेल्यामुळे बिघडलेला गिअरही वॉरंटीत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी बुकात लिहिलेली आहे का ते शब्दन् शब्द वाचा. तरी हलले नाहीत तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार टाका, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर रजिस्टर पोस्टाने नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग.

मावळातला_भातवाला
धन्यवाद दोघांना. शंका अशी की ट्रॅक्टर बँकेकडे तारण आहे, आणि कधीमधी भावकीतल्यांचं रान पण नांगरून देतो, डिझेलपुरते पैसे घेतो. शोरूमवाले म्हणतात तुम्ही धंदा करता, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही. खरं आहे का हे?

ग्राहकाची_बाजू
घाबरवतायत तुम्हाला. 2019 च्या कायद्यात स्पष्ट आहे, स्वतः राबून स्वतःच्या पोटापाण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. सातबारा जोडा. भाड्याचा मोठा व्यवसाय असता, चार ट्रॅक्टर आणि पगारी ड्रायव्हर असते तर अडचण आली असती. कर्ज असलं तरी ग्राहक तुम्हीच, फक्त हप्ता थांबवू नका, ती वेगळी डोकेदुखी मागे लागेल. या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे पुण्यातच, कंपनीच्या गावाला जायला नको. ट्रॅक्टरची दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, त्यावर 10 लाखांपर्यंत 200 रुपये. केस टाकायची मुदत 2 वर्षं, ऑनलाइन ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर टाकता येते.

औजारवाला_इंजिनिअर
एक महत्त्वाचं राहिलं. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर टेस्टिंगची संस्था आहे, तिचे टेस्ट रिपोर्ट मिळतात. चिखलणीची टेस्ट झालेली असेल तर चिखल-पाणी आत जाऊ नये म्हणून सील कितपत टिकले हे पण त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा रिपोर्ट शोधा. सील चिखलात टिकले असं त्यात असेल तर कंपनी कुठल्या तोंडाने म्हणणार की चिखलात चालवलं म्हणून वॉरंटी नाही? नाही टिकले असं असेल तर त्याहून तुमच्या बाजूचं. सोबत जाहिरातीचं पत्रक आणि तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला असेल तर जपून ठेवा.

पाटील_भोर
हे सगळं बरोबर पण निकालाला वेळ लागतो हो, लावणी थांबत नाही. फोटो आणि पार्ट ताब्यात आले की पैसे भरून काम करून घ्या, पण बिलावर स्वतःच्या हाताने लिहा, "हक्क राखून, तक्रारीसह रक्कम भरली". आणि गाडी सोडताना 'काम समाधानकारक, तक्रार नाही' अशा कागदावर सही घेतात, ती अजिबात करू नका.

मावळातला_भातवाला
आज शोरूमला जाऊन आलो. सीलचा ओठ एका बाजूला आत दुमडलाय, तार-पेंढा काही नाही. फोटो काढले, पार्ट पिशवीत बांधून त्यावर मॅनेजरची सही घेतली, तो आधी नाही म्हणत होता. लेखी मागितल्यावर सूर बदलला, आता कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर बघायला येतो म्हणतात. मेल आज रात्रीच टाकतो, बुदनीचा रिपोर्ट मुलगा शोधतोय. दरम्यान वडगाव-कामशेत बाजूला चिखलणीला कुणाचा छोटा ट्रॅक्टर मोकळा असेल तर मेसेज करा, तासाचा जो रेट असेल तो देतो.