पेटका, वांब की आकर्ष?

टिळकवाडीकरीण: एका विज्ञान अंकासाठी मजकूर मराठीत आणतेय. मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्त सांडलं की काही दिवसांनी तिथल्या रोहिण्या अरुंद होतात, त्याचा अभ्यास जनावरांवर कसा करतात, असा विषय. दोन ठिकाणी अडलंय. 'अॅनिमल मॉडेल'चं, म्हणजे अभ्यासासाठी जनावरात मुद्दाम घडवलेल्या रोगाचं, संपादकांनी 'प्राणी-प्रतिमान' केलं. मला डोळ्यांसमोर बेंदराचा मातीचा बैल येतो. आणि 'व्हासोस्पाझम'ला, म्हणजे रोहिणीच्या त्या अरुंद होण्याला, मी 'रक्तवाहिनीचा पेटका' लिहिलं, ते खोडून 'वाहिनी-आकर्ष'. आकर्ष कोण म्हणतं हो?

खानापूरवाला: आमच्यात वांब. आजीच्या पोटरीत रात्री वांब यायचे, मग पाय भिंतीला रेटून 'तेल आण गं' म्हणून ओरडायची. वांब नावाचा मासा असाच पिळवटतो, शब्द त्यावरूनच आला असणार.

निपाणीचा शब्दवेडा: मासा आणि पोटरी! आधार काय? 'कृष्' म्हणजे ओढणे, त्यावरून आकर्ष. शास्त्राला नेमका शब्द लागतो, आजीची पोटरी नाही.

दवाखान्यातली: थांबा जरा. आजीचे वांब तेल चोळल्यावर पाच मिनिटांत सुटायचे ना? हे तसलं नाही. माणसात शीर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बारीक होऊ लागते, आठवडा-दहा दिवसांत सगळ्यात जास्त, आणि ओसरायला दोन-तीन आठवडे जातात. कुत्र्यावरच्या प्रयोगात त्याचंच रक्त काढून मानेमागून, कवटीच्या बुडाशी पाणी असतं त्या पोकळीत सोडतात. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. सातव्या दिवशी अँजिओग्राफी करून मेंदूच्या बुडाची रोहिणी किती बारीक झाली ते मोजतात. साकळलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडतं, ते शिरेला सोसत नाही. पेटका म्हटलात की वाचणारा पाच मिनिटांचं दुखणं समजणार.

टिळकवाडीकरीण: उंदराच्या प्रयोगात मानेतल्या रोहिणीतून बारीक दोरा वर सारून शीर आतूनच टोचतात. 'टोचणे'चंही 'छिद्रण' झालंय.

शहापूरचा मागवाला: मग आटणे म्हणा की! कोरं सुती कापड भिजलं की आटतंय, तशी शीर आटली.

निपाणीचा शब्दवेडा: विहीर आटते. शीर आटली म्हटलं तर आतलं रक्तच संपलं असं वाटेल.

दवाखान्यातली: हे मात्र खरं. मी 'आकसणे' म्हणेन. आखडत नाही, सुकत नाही, आकसते.

बेळगावची सून: माझं माहेर धारवाडकडचं. कन्नडात पायात गोळा आला की 'सेळेत' म्हणतात, आणि मनाची ओढ तीही सेळेतच. म्हणजे संपादकांचा आकर्ष बरोबरच आहे की वो!

निपाणीचा शब्दवेडा: सीमाभागात इतकी वर्षं मराठीसाठी भांडायचं, आणि आता मराठी शब्दाला कन्नडचा दाखला?

शहापूरचा मागवाला: सुपारी कशानं कातरता तुम्ही? अडकित्ता कुठनं आला म्हणे?

निपाणीचा शब्दवेडा: तो रुळलेला शब्द आहे.

बेळगावची सून: रुळायच्या आधी तोही परकाच होता. आणि आकर्ष कुठं रुळलाय अजून?

दवाखान्यातली: भांडा, पण एक ऐका. क्लाझोसेंटान नावाच्या औषधानं शिरांचं आकसणं कमी झालं, तरी रोगी काही त्या मानानं सुधारले नाहीत. उलट निमोडिपिननं रोग्याला फायदा होतो, पण अँजिओग्राफीत शीर फारशी रुंदावलेली दिसत नाही. म्हणजे शीर अरुंद होणं वेगळं आणि नंतर मेंदूला रक्त कमी पडणं वेगळं. दोन शब्द लागणार आहेत, इथं एकाचाच निकाल लागेना.

खानापूरवाला: वांब कोशात सापडला का कुणाला?

टिळकवाडीकरीण: प्रतिमानाबद्दल कुणीच काही बोललं नाही. उद्या सकाळी मजकूर द्यायचाय मला.

शहापूरचा मागवाला: कन्नडात अडके म्हणजे सुपारी. पुढचं 'कित्ता' कुठलं, ते कुणीतरी सांगा.