आळस नाही, भीती असते बऱ्याचदा

बरेच जण म्हणतात की मुलं आळशी झालीत, मोबाइल काढून घेतला की ती आपोआप मैदानावर जातील, मला हे अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकड्यांप्रमाणे जगात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं रोज तासभराचीही पुरेशी हालचाल करत नव्हती, मुलींमध्ये तर ८५ टक्के, मग एवढी सगळी पोरं एकदम आळशी कशी होतील?

बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं, 'हे मला जमेल' असं वाटलं तरच माणूस ते करायला जातो. आता तेरा-चौदा वर्षांचा मुलगा घ्या, टीम पाडताना रोज शेवटी उरणारा, धावताना धाप लागली की सगळे हसणार, त्यात शरीर बदलतंय, मुलींना तर कोण बघतंय याचंच टेन्शन, मग तो किंवा ती खोलीत बसून गेम खेळणारच ना, तिथे हरलं तरी कोणाला दिसत नाही आणि लगेच परत खेळता येतं. उदास वाटलं की स्क्रीन तेवढ्यापुरतं बरं वाटायला लावते, हळूहळू त्याचीच सवय होते.

आणि जबरदस्तीने खेळाच्या क्लासला घातलं तर अजूनच बिघडतं, कारण या वयात स्वतः निवडलेलं तेच टिकतं. कृपा करून आधी मुलाला विचारा, मैदानावर नक्की काय नकोसं वाटतं. स्पर्धा नको असेल तर सायकल, नाच, मित्राबरोबर नुसतं चालणंही चालेल.