डाय बघून कारागीर कळतो, तसा जग बघून देव कळतो का?

टूलरूमवाला, भोसरी

नमस्कार मंडळी. आयुष्य टूलरूममध्ये गेलं, प्लास्टिकच्या वस्तूंच्या डाय, म्हणजे पोलादी साचे बनवतो. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या आयटीआयच्या पोराने विचारलं, "काका, देव आहे कशावरून?" मी नेहमीचं उत्तर दिलं. "ही डाय आपोआप झाली का? मग एवढं जग आपोआप कसं होईल?"

पोरगं हुशार. त्याने समोरची कॅव्हिटी, म्हणजे डायचा खोलगट भाग, उचलली, लाइटखाली तिरपी धरली. म्हणाला, "इथे बॉलनोज कटरच्या रेषा दिसतात, म्हणजे हे व्हीएमसी मशिनवर कापलेलं. कोपरा दाणेदार आहे, तिथे स्पार्क मारलाय, ठिणगीने धातू उडवलाय. या कडेला एमरी (घासायचा कागद) आडवी फिरलीय, तुम्ही कधी आडवी फिरवत नाही, म्हणजे हे दुसऱ्या शिफ्टचं काम. मला कारागीर ओळखता येतो, कारण मी कारागिरांना काम करताना बघितलंय. जग करताना कुणी कुणाला बघितलंय? त्याच्यावर मी कसली खूण शोधू?"

देव मी मानतो, मानत राहीन. पण नुसत्या युक्तिवादाच्या जोरावर हे कुणाला पटवता येतं का? वाचलेल्यांनी सांगा. "श्रद्धेचा विषय आहे" म्हणून वाटेला लावू नका, तेवढं मलाही येतं.

चार्वाकाचा शेजारी

पोराचा स्टायपेंड वाढवा, विषय संपला. आगरकर १८८८ पासून 'सुधारका'त लिहून थकले, तरी आपली गाडी "मग हे सगळं कुणी केलं" याच स्टेशनात उभी. आणि देवाने केलं म्हटलं, तर देव कुणी केला?

न्यायवाली बाई

शेजारी, "देव कुणी केला" हा प्रश्न इथे लागत नाही. युक्तिवाद 'जे जे कार्य आहे, म्हणजे जे आधी नव्हतं आणि मग झालं, त्याला कर्ता असतो' असा आहे. 'जे जे आहे त्याला कर्ता असतो' असं कुणी म्हटलेलंच नाही. देव कधी उत्पन्नच झाला नाही, असं मानणाऱ्याला तुमचा बाण लागत नाही. पोराचा मात्र लागतो, आणि वर्मी लागतो.

टूलरूमवाले दादा, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुम्ही दिलेलं उत्तर न्यायदर्शनाचं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेचं आहे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, 'न्यायकुसुमांजली' हा अख्खा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठी लिहिला. पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत, घटासारखी. तुमची डाय म्हणजे त्यांचा घट.

आणि पोराचं उत्तर धर्मकीर्तीचं आहे. हा बौद्ध पंडित उदयनांच्या काही शतकं आधीचा. तो विचारतो, घट मातीचा आणि वारूळही मातीचं, म्हणून वारूळ कुंभाराने केलं म्हणाल का? घट पाहून कुंभार आठवतो, कारण तसल्या वस्तूमागे कुंभार असतो हे आपण पाहिलेलं असतं. डोंगर 'तसली' वस्तू आहे का, इथेच तर वाद आहे. 'कार्य' हा शब्द दोन्हीकडे लावला म्हणून दोन्ही गोष्टी एका जातीच्या होत नाहीत. त्या पोराने धर्मकीर्ती वाचलेला नसणार. कटरच्या रेषा वाचता वाचता तो तिथे पोचला, याचं मला फार कौतुक वाटलं.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, इथे गप्प बसत नाहीत. रानातलं गवत कोण करतं, कुणीच दिसत नाही, असं म्हटलं की ते म्हणतात, गवत तर वादातलंच, जे सिद्ध करायचंय त्यातलंच, ते आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून कसं आणता? हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या चोख आहे, पण पोटात ढवळतं. वादाबाहेर उरतं काय? घट, वस्त्र, रथ, वाडा. म्हणजे माणसाने केलेल्या वस्तू. आणि त्या सगळ्या हातपायवाल्याने केलेल्या. नियम जसाच्या तसा ठेवला तर शरीरधारी देव पदरात पडतो. शरीर काढून टाकलं तर ज्या अनुभवावर नियम बांधला तोच सुटतो.

यावरचं त्यांचं उत्तर मला या सगळ्या वादातलं सर्वांत तल्लख वाटतं. ते म्हणतात, कर्तेपण हातापायांत नसतं. ज्याला सामग्रीचं ज्ञान आहे, करायची इच्छा आहे आणि प्रयत्न आहे, तो कर्ता. तुम्ही स्वतःचा हात उचलता तेव्हा तो कुठल्या दुसऱ्या हाताने उचलता? इच्छेनेच ना? मग शरीराशिवाय कर्तेपण अशक्य का म्हणायचं? मी वर्गात हे सांगितलं की मुलं आपापले हात बघायला लागायची. तरी माझी शंका राहतेच. तो हात आधीपासून जिवंत शरीराला जोडलेला असतो.

बरं, एवढं सगळं मान्य केलं तरी कर्ता एकच कशावरून? हा प्रश्न वैष्णव आचार्य रामानुजांनी आपल्या 'श्रीभाष्य' या ब्रह्मसूत्रांवरच्या ग्रंथात विचारलाय, आणि ते काही नास्तिक नव्हेत. वाडे, रथ अनेकांनी मिळून केलेले दिसतात. सगळं जग एकाच वेळी, एकाच कर्त्याने केलं याला अनुमानात आधार काय? त्यांच्या मते ब्रह्म शास्त्रावरूनच, म्हणजे वेद-उपनिषदांवरूनच कळतं, अनुमानाने नाही. १७७९ साली छापलेल्या ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या संवादांतही हाच मुद्दा आहे, तिथे घर आणि जहाज आहे.

१७८१ साली जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणाला, या वाटेने फार तर दिलेल्या सामग्रीला आकार देणारा शिल्पी मिळेल, सामग्री निर्माण करणारा नाही. युरोपात ही मोठी टीका ठरली. नैयायिकाचं मात्र काही बिघडत नाही, कारण त्याच्या मते परमाणू नित्यच आहेत, आत्मेही नित्य, ईश्वर फक्त निमित्तकारण, म्हणजे घडवणारा. तुमच्या टूलरूममध्येही पोलाद बाहेरूनच येतं, तसंच.

आळंदीचा टाळ

बाई, विद्वत्तेला नमस्कार, पण वारीत चालताना कुणी अनुमान करत नाही. ज्यांना देव नको तेच असल्या वाटा काढतात.

न्यायवाली बाई

माऊली, कुमारिल भट्टांना काय म्हणाल? यज्ञयागाचे कट्टर समर्थक, वेदांवर तसूभर शंका न घेणारे. आणि त्यांनीच सृष्टिकर्ता ईश्वर खोडून काढलाय. करुणेने जग केलं म्हणता, तर जग होण्याआधी करुणा येण्यासारखं दुःखी होतं तरी कोण, हा त्यांचा सवाल. आपल्याकडे देव न मानणारा म्हणजे धर्म बुडवणारा, हे समीकरण कधीच सरळ नव्हतं.

म्युनिकचा मराठी

घट, वारूळ सोडा. आजचा युक्तिवाद भौतिक स्थिरांकांचा आहे. गुरुत्वाकर्षण वगैरेंचे आकडे थोडे इकडेतिकडे असते तर तारेच झाले नसते. इतकं नेमकं जुळणं योगायोग कसा? यावर धर्मकीर्ती काय म्हणणार?

न्यायवाली बाई

तेच म्हणेल. 'योगायोग' म्हणायला ते आकडे किती प्रकारचे होऊ शकले असते, हे आधी माहीत हवं. आपल्यापुढे विश्व एकच. एका उदाहरणावर व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' असा नियम, बांधता येत नाही, मग ते उदाहरण मातीचं असो की तारकांचं. आकड्यांचं कोडं खरं आहे, पण त्यावरून थेट देवावर उडी मारायची तर मधली पायरी लागते, आणि ती मला दिसत नाही.

टूलरूमवाला, भोसरी

बाई, सगळं दोनदा वाचलं. मग उदयनाचार्यांनी एवढी मेहनत वाया घालवली का? आणि रागावणार नसाल तर विचारतो, तुम्ही स्वतः मानता?

न्यायवाली बाई

रागावायचं काय त्यात. आधी उदयनांचं सांगते. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका आहे. पुरीला गेले तर जगन्नाथाच्या देवळाची दारं बंद. तेव्हा ते देवालाच म्हणाले, ऐश्वर्याने माजलास, पण बौद्ध समोर आले की तुझं असणं माझ्या हातात आहे! गोष्ट खरी असो नसो, हे बोलणारा माणूस देव आहे की नाही या विवंचनेत नव्हता. ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते विचारतात, ज्याला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या रूपात मानतो, कारागीरसुद्धा विश्वकर्मा म्हणून पूजतात, त्याच्याबद्दल संशय कसला? मग ही चर्चा कशाला? त्यांचं उत्तर असं, की ही चर्चा म्हणजे मनन, श्रवणानंतर येणारी उपासनाच. म्हणजे ऐकून आधीच मानलेल्याचं त्यांनी बुद्धीने मनन केलं. बौद्धांना हरवायचंही होतं, ते वेगळं. तेवढ्यासाठी मेहनत वाया गेली नाही. पण तुमच्या पोरासारखा कोरी पाटी घेऊन बसला असेल, तर त्याला तिथून देवापर्यंत नेईल असं त्या ग्रंथात मला काही सापडलं नाही.

मी मानते. आईने संध्याकाळी दिव्यापुढे बसवलं तेव्हापासून मानते, उदयनांची पानं त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उलटली. माझं मानणं मूर्खपणाचं नाही, एवढं म्हणायला या युक्तिवादांचा आधार मी घेते. "तूही मानलंच पाहिजेस" असं कुणाला म्हणायला तो आधार पुरत नाही. पोराने मागितलेली खूण माझ्याकडे नाही, त्याला तसंच सांगा. आणि धर्मकीर्तीचं वारूळ सांगायला विसरू नका, खूश होईल.