कापसाच्या बदल्यात गोळ्या: तुमच्या गावात काय पद्धत होती?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा):
नमस्कार. माझे बालपण १९८० च्या दशकात दारव्ह्याजवळच्या एका लहान खेड्यात गेले. गावात किराण्याचे एकच दुकान होते, तेही दुकानदाराच्या राहत्या घराच्या ओसरीवर. लाकडी फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. एकीत लिमलेटच्या गोळ्या, एकीत साखरेत घोळलेल्या संत्र्याच्या फोडी, एकीत पेपरमिंट, आणि खाली पत्र्याच्या डब्यात बोरकूट. आमच्या हाती नाणे क्वचितच येई. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला, की आम्ही मुली ओंजळभर कापूस फ्रॉकच्या ओच्यात घेऊन दुकानात जात असू आणि ‘गोया द्या’ म्हणून उभ्या राहत असू. दुकानदार तो कापूस तागडीत न टाकता नुसता हाताने चाचपून पाहत आणि दोन किंवा तीन गोळ्या आमच्या तळव्यावर ठेवत. ज्वारी निघाली, की पेलाभर ज्वारी चाले. हे सर्व मी माझ्या मुलीला सांगितले, तेव्हा तिला ती रचलेली गोष्ट वाटली. म्हणून विचारते, की ही पद्धत आणखी कुठे होती, मोबदला कसा ठरत असे, आणि घरच्या मंडळींना ते चालत असे का?

पूर्णाकाठ (अकोला जिल्हा):
ताई, आमच्याकडेही अगदी हेच होते, मात्र घरचा नियम कडक होता. शेवटचा वेचा झाल्यावर पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, जो कवडी (हलक्या प्रतीचा) कापूस राहतो, तो मुलांचा. घरातल्या कापसाच्या गंजीला मात्र हात लावायचा नाही. मी तिसरीत असताना एकदा गंजीतूनच मूठभर कापूस उचलला आणि तीन गोळ्या आणल्या. स्वेटरवर चिकटलेले कापसाचे तंतू आईने पाहिले. ती रागावली नाही, परंतु मला हाताला धरून दुकानात घेऊन गेली, उरलेल्या दोन गोळ्या परत करायला लावल्या आणि खाल्लेल्या तिसरीचे पाच पैसे पदराच्या गाठीतून सोडून दिले. ती गाठ सुटायला फार वेळ लागला होता, आणि तेवढा वेळ मी बरणीकडे न पाहता उभा होतो, हे मला आजही स्पष्ट आठवते.

एक गोळी दोघांत वाटायची असेल, तर ती सदऱ्याच्या टोकात गुंडाळून चिमणीच्या दाताने फोडायची. कापड मध्ये असल्यामुळे ती उष्टी होत नाही, यावर आम्हा सर्वांचा पूर्ण विश्वास होता. तुकडे कधीही सारखे होत नसत, आणि फोडणाऱ्याने लहान तुकडा घ्यायचा, असा आमच्या आळीचा संकेत होता.

जुना हिशेब (वर्धा जिल्हा):
या आठवणींची गोडी मलाही आहे. तरीही मोबदल्याविषयी विचारले आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस शासनाच्या केंद्रावरच घालायचा, खाजगी व्यापाऱ्याला तो विकत घेण्यास मनाई, आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हाती यायला वेळ लागायचा. त्यामुळे ऐन हंगामात घर कापसाने भरलेले असे, पण रोकड नसे. मुलांच्या हाती नाण्याऐवजी कापूस दिसे, त्याचे एक मोठे कारण हेच आहे, असे मला वाटते. आता भाव क्विंटलला पाचशे रुपये धरला, आणि ओंजळभर कापूस पन्नास ग्रॅम धरला, तर त्याचे पंचवीस पैसे होतात. पाच पैशांची एक याप्रमाणे पाच गोळ्या मिळायला हव्या होत्या. आपल्याला मिळत दोन किंवा तीन. दुकानदाराने उधारीवर गावाला सांभाळले हे खरे आहे आणि त्याला मी वाईट म्हणणार नाही, परंतु ओंजळीचा भाव नेहमी त्याच्याच हाताने ठरत असे, हेही तितकेच खरे आहे. गडचिरोलीकडे चारोळीसारखा महाग माल मिठाच्या बदल्यात जात असे, त्याच जातीचा हा व्यवहार होता.

धानाची बांधी (गोंदिया जिल्हा):
आमचा भाग धानाचा, त्यामुळे कापूस नव्हता. कापणी झालेल्या बांधीत पडलेल्या लोंबांचा सरवा वेचायचा आणि चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुले गोळा करायची, हीच आमची कमाई. खरे पैसे मिळत ते तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सजवलेला लाकडी नंदी घेऊन घरोघरी गेले, की बोजारा म्हणून पाच, दहा, वीस पैसे मिळत. पाचाचे नाणे चौकोनी, दहाचे काठाला पाकळ्या असलेले, विसाचे षटकोनी. सर्व अॅल्युमिनियमची आणि इतकी हलकी, की खिशात आहेत की पडली, हे पुन्हा पुन्हा चाचपून पाहावे लागे. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी चलनातून गेली. माझ्या नंदीच्या पाटाखाली खिळ्याने अडकवलेले एक षटकोनी नाणे अजून आहे.

पऱ्हाटी:
सर्वांचे मनापासून आभार. हे सारे मुलीला वाचून दाखवले. हिशेब मांडणाऱ्या दादांचे म्हणणे मला पटते. कापसाच्या बाबतीत आम्हाला काहीच बोलता येत नसे. ज्वारीचा व्यवहार मात्र वेगळा होता, कारण तिथे माप होते. पेला सपाट भरलेला असला तर दोन गोळ्या आणि शीग लावून आणला तर तीन, हे ठरलेले होते. म्हणून घरापासून दुकानापर्यंत, शीग सांडू नये यासाठी, आम्ही दुसऱ्या हाताचा तळवा पेल्यावर धरून अगदी सावकाश चालत असू.